जळत्या खुर्चीची तबकडी

सत्तरीच्या माणसाने घरात कसं राहावं याचे काही नियम आहेत की नाही? वर्तमानपत्र वाचावं, गुडघ्यांबद्दल कुरकुर करावी, चहाला नावं ठेवावीत. पण मास्तर चार दिवस जमिनीवर पालथे पडून एका लाकडी खोक्याला कान लावत होते, आणि मधूनच त्या खोक्यावर ओरडत होते, ‘‘लबाड! साफ लबाड!’’ म्हातारपणी चळ लागतो म्हणतात, पण लोकांना तो बसल्या जागी लागतो. मास्तरांना आडवं करून लागला होता.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकामाचं दुकान. दोन पायमशिनं, एक कापायचं टेबल, एक उभा आरसा आणि हँगरवर एक करडा कोट. त्या कोटाला चार दिवसांपासून एकच बाही होती. कोटाचे मालक म्हणजे चौकातले दातांचे डॉक्टर. ते रोज सकाळी दारात यायचे, आजाऱ्याला भेटायला यावं तसे कोटाकडे बघायचे आणि हळूच विचारायचे, ‘‘काही फरक?’’

‘‘काही फरक नाही,’’ मास्तरीणबाई सांगायच्या. ‘‘उलट वाढलंय.’’

मास्तरीणबाई शाळेत तिसरीच्या पुढे गेल्या नव्हत्या. पण नवरा कपडे शिवणारा मास्तर, म्हणून आख्खी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणायची, आणि त्याही जन्मल्याबरोबर हेच नाव ठेवलं असावं अशा थाटात ‘ओ’ द्यायच्या. घरात त्यांचा शब्द शेवटचा. बऱ्याचदा पहिलाही तोच असायचा.

या सगळ्याला कारण झाली सून.

सून दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामावर होती. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यात. सासू-सासऱ्यांना सांभाळायची ती एकटी. मास्तरांना सत्तर पूर्ण होणार म्हणून तिने सहा महिने आधीपासून शोध चालवला होता. मास्तर जेवताना हटकून एक गोष्ट सांगायचे, तरुणपणी त्यांच्याकडे असलेल्या तबकडीची. परदेशी चार पोरांचा बँड, रॉक का काय म्हणतात ते. दुकानात दिवसभर ती एकच तबकडी लागायची, कारण दुसरी नव्हतीच. पुढे एकदा ती गरम इस्त्रीच्या शेजारी राहिली आणि चपलेच्या तळव्यासारखी वाकली. वाजवायचं मशीन गेलं भंगारात. तबकडीचं रिकामं पाकीट तेवढं मास्तरांनी टाकलं नाही. त्यात ते कॉलरचे कागदी साचे ठेवत. पाकिटावर एक चित्र होतं. मोकळ्या माळावर लाकडी खुर्ची भडाभडा जळते आहे, आणि मागे चार केसाळ पोरं खिशात हात घालून उभी. मास्तरीणबाई पहिल्यांदा ते बघून म्हणाल्या होत्या, ‘‘चांगली खुर्ची जाळली मेल्यांनी. आणि विझवायला एकही पुढे होत नाही.’’

वाढदिवसाला सुनेने मास्तरांना मशीनवरून उठवलं.

‘‘बाबा, डोळे मिटा.’’

‘‘का गं? औषध घालतेस की काय?’’

डोळे उघडले तर समोर नवाकोरा रेकॉर्ड प्लेअर, आणि त्यावर तीच जळती खुर्ची. मास्तर पाकिटाचा कोपरा अंगठ्याने चाचपत राहिले, भारी कापड चाचपतात तसा. मग म्हणाले, ‘‘पोरी, माझ्या पोटच्या पोराला जन्मात हे सुचलं नाही.’’

सून लाजली. मास्तरीणबाईंनी कपबशी जरा जोरात खाली ठेवली. सुनेचं कौतुक असावं, पण त्याला माप असावं.

तबकडी फिरायला लागली. गिटार वाजली. वाजली कसली, पिशवीतून सुटलेल्या मांजरासारखी पळतच सुटली. मागून ढोल लागला तिच्या पाठीशी. आणि मग गायक. मास्तरांच्या घरात हा गायक रेड्यासारखा हंबरायचा, खोल, भारी, पोटातून. हा मेला शेपटीवर पाय पडल्यासारखा किंचाळला. बघता बघता पहिलं गाणं संपलंसुद्धा. पूर्वी त्या एका गाण्यात मास्तरांचा पँटचा एक आख्खा पाय शिवून व्हायचा. आता खिशाचं झाकणही झालं नसतं.

मास्तरांचा चेहरा उतरत उतरत गळ्यातल्या टेपपर्यंत आला.

‘‘ही ती नाही,’’ ते म्हणाले.

‘‘बाबा, तीच आहे. नाव बघा, चित्र बघा...’’

‘‘चित्र तेच आहे. आत माल दुसरा भरलाय. कुणीतरी फसवलं तुला.’’

सुनेचं तोंड एवढंसं झालं. आणि मास्तरीणबाई? त्या एकदम उठल्या आणि ‘‘दूध उतू जातंय’’ म्हणून स्वयंपाकघरात निघून गेल्या. दूध तेव्हा फ्रिजमध्ये होतं.

चोराच्या मनात चांदणं, ते हे असं.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नाला दोन महिने झालेले. मास्तरांनी कुणाकडून तरी जुना रेकॉर्ड प्लेअर आणला, त्याच दिवशी ही तबकडी आणली, आणि त्याच दिवशी त्यांना बाहेरगावी कुठल्याशा बँडवाल्यांच्या गणवेशाची मापं घ्यायला जावं लागलं. ‘‘हात लावू नकोस, आल्यावर मिळून ऐकू,’’ असं सांगून गेले. नव्या नवरीला ‘हात लावू नकोस’ सांगणं म्हणजे हात लाव म्हणूनच सांगणं. मास्तरीणबाईंनी फिरणारी थाळी उचलून आत काय आहे ते पाहिलं. आत एक छोटी मोटर, आणि मोटरपासून थाळीपर्यंत रबराचा एक चपटा पट्टा. तो जरा ओढून पाहिला. पट्टा तुटला.

त्या वेळी त्यांचे सासरे जिवंत होते, आणि सासऱ्यांचा आवाज असा की हाक मारली तरी बॉबिन खाली पडायची. मास्तरीणबाईंनी ड्रॉवर उघडला. पोरांच्या चड्ड्यांसाठी आणलेलं अर्ध्या इंचाचं काळं इलॅस्टिक होतं. तुटलेल्या पट्ट्यावर मापलं, घाईत दोन बोटं जास्तच कापलं, टोकावर टोक ठेवून शिवलं, घातलं. थाळी फिरली. मास्तर आले, तबकडी लागली, रेडा हंबरला. इलॅस्टिक सैल होतं, मोटरवर घसरत घसरत फिरायचं, त्यामुळे सगळं गाणं असं सुस्त, जडशीळ चालायचं, ओझं वाहणाऱ्या माणसासारखं. वर दर फेरीला जोडाच्या जागी गायकाला एक उचकी लागायची.

मास्तर डोळे मिटून ऐकत राहिले. ‘‘काय भारदस्त आहे,’’ म्हणाले. ‘‘मित्राकडे एकदा ऐकलं होतं, पण त्याच्याकडे असं लागत नाही. त्याचं मशीन भिकार.’’

पुढे कधी रेडिओवर हे गाणं लागलं तर ते म्हणायचे, ‘‘या रेडिओवाल्यांना फार घाई. बातम्या द्यायच्या असतात ना.’’

आता खरं सांगायचं तर त्या इलॅस्टिकने घराचं कल्याण केलं. त्याआधी मास्तरांना बाजारात घाईमास्तर म्हणत. मशीन असं पळवायचे की टाके आंधळे पडायचे. त्यांनी शिवलेली पँट घालून माणूस खाली बसला की उठताना मागे हात धरून उठायचा. पण दिवसभर ती जड तबकडी कानाशी वाजायला लागली, आणि पाय तिच्या चालीने पडायला लागला. पाय सावकाश, टाका सावकाश, टाका सरळ. दोन वर्षांत लोक दुरून कोट शिवायला यायला लागले. ‘मास्तरांचा टाका’ म्हणून नाव झालं.

उचकीही पुढे एक दिवस आपोआप थांबली. मास्तरीणबाईंनी ते देवाने केलेलं मानलं. देवाने आपली चूक पदराखाली घेतली म्हटल्यावर आपण कशाला बाहेर काढा? झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ चव्वेचाळीस वर्षं झाकलेली राहिली.

अडचण एवढीच होती की या घरात मास्तरीणबाईंचा स्वतःचाच एक नियम होता. चूक झाली तर पुढचं ताट वाढायच्या आत सांगायची. सून नवी होती तेव्हा तिच्या हातून काचेचा जग फुटला आणि तिने तुकडे कचऱ्याच्या डब्यात वर्तमानपत्राखाली दडवले. मास्तरीणबाईंनी डबा उपसून एकेक तुकडा टेबलावर मांडला, कोर्टात पुरावा मांडावा तसा, आणि सांगितलं, ‘‘जग फुटला त्याचं काही नाही. पण या घरात लपवाछपवी चालत नाही.’’ तेव्हापासून सुनेने दुधाला जरा जास्त उकळी आली तरी जेवणाआधी येऊन सांगायचा नेम ठेवला होता.

आणि आता हे.

दुसऱ्या दिवशी मास्तर तबकडी काखेत मारून तडक दुकानात निघाले. नवऱ्याला एकट्याला सोडणं म्हणजे आगीत तेल, म्हणून मास्तरीणबाई चपला घालून मागोमाग. दुकान दोन गल्ल्या सोडून. दुकानदार पंचेचाळिशीचा, दाढी पिकायला लागलेली आणि मागे एक वेणी. ती वेणी इतकी ढिली की मास्तरीणबाईंचे हात शिवशिवले.

‘‘काका, मूळ तीच आहे,’’ वेणीवाला समजुतीने म्हणाला. ‘‘त्याच साच्यातून काढलेली.’’

‘‘मला साचा शिकवू नकोस. पन्नास वर्षं साच्यावर कापड कापतोय. साचा तोच असला म्हणून कोट तोच होतो का?’’

वेणीवाल्याने कपाटातून दुसरी प्रत काढली. लावली. मांजर किंचाळलं. मास्तरांनी मान हलवली. त्याने मागच्या खोलीतून तिसरी आणली, जुनी, कोपरे झिजलेली. ‘‘ही तर तुमच्याच काळातली आहे, काका. मी विकत नाही, माझी स्वतःची आहे.’’ ती लावली. तेच मांजर, फक्त जरा खरखरणारं.

‘‘तिन्ही खोट्या!’’ मास्तर म्हणाले. ‘‘एकाच लबाडाने तिघांना फसवलंय.’’

दुकानात दोन-तीन गिऱ्हाईकं होती. त्यांनी आपापल्या हातातल्या तबकड्या उलटसुलट करून बघायला सुरुवात केली. वेणीवाल्याने मिनिटभर डोकं खाजवलं आणि मग एकदम म्हणाला, ‘‘काका, तुमचं घरचं जुनं मशीन हळू तर चालत नव्हतं?’’

मास्तरीणबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. हा वेण्या घालणारा दिसतो तेवढा बावळट नाही.

‘‘हळू?’’ मास्तर तापले. ‘‘माझं मशीन हळू? विचार हिला! दिवसरात्र ऐकलंय हिने.’’

सगळे मास्तरीणबाईंकडे वळले.

‘‘आमचं मशीन चोख होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घड्याळ लावावं त्यावर.’’

उचलली जीभ, लावली टाळ्याला. बोलून गेल्या आणि त्यांना स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं त्या फक्त गप्प होत्या; आणि गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं त्यांनी मनाला समजावलेलं होतं. आता मात्र चार लोकांत, दिवसाढवळ्या, सरळ सरळ थाप मारून झाली होती. त्या थापेच्या जोरावर मास्तर दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले, ‘‘बघून घ्या हो! इथे पाकीट खरं देतात, आत माल खोटा!’’

वेणीवाल्याचा चेहरा पडला. ‘‘काका, अठरा वर्षं दुकान चालवतोय,’’ एवढंच तो म्हणाला. ‘‘आजवर मला चोर कुणी म्हटलं नव्हतं. रविवारी सकाळी मी स्वतः घरी येतो. प्लेअर, तबकडी, सगळं परत नेतो. पण हे शब्द तेवढे परत घ्या.’’

‘‘खरी तबकडी आण, मग घेतो,’’ मास्तर म्हणाले आणि घरी येऊन पालथे पडले. खोक्यातून कधी तरी रेडा निघेल या आशेवर.

शनिवारी दुपारी सून कामावरून आली ती सरळ स्वयंपाकघरात. मास्तरीणबाई एकट्याच जेवायला बसत होत्या. ताटात पाव, उकडलेला बटाटा आणि काल उरलेली भाजी.

‘‘आई, मी उद्या देऊन टाकते सगळं परत,’’ ती म्हणाली. आवाज नीट होता, पण डोळे लाल होते. ‘‘सहा महिने शोधली हो. मला वाटलं होतं बाबा खूश होतील. मीच नीट चौकशी करायला हवी होती. माझीच चूक झाली. म्हटलं, ताट वाढायच्या आत सांगितलेलं बरं.’’

मास्तरीणबाईंनी हातातला पावाचा तुकडा परत ताटात ठेवला. पोरीने काही केलं नव्हतं आणि कबुली देत होती. आणि जिने केलं होतं ती ताटावर बसली होती. ताट सुनेकडे सरकवून त्या म्हणाल्या, ‘‘बटाटा घे. गार होतोय.’’

त्या दुपारी त्या पडल्या, पण डोळा लागला नाही. भीती ओरडा खायची नव्हती. मास्तरांनी त्यांना ओरडावं असा दिवस अजून उजाडायचा होता. भीती निराळीच होती. मास्तरांनी आयुष्यात एकाच गाण्यावर जीव लावला, आणि ते गाणं त्या चार केसाळांचं धड नव्हतंच. अर्धं चड्डीच्या इलॅस्टिकचं होतं. हे कळल्यावर माणसाकडे राहतं काय? त्याच्या तारुण्यातून गाणं काढून घेतलं तर मागे उरतात फक्त गिऱ्हाइकांच्या उसवलेल्या पँटी. उलट, न सांगावं तर पोर कायमची बावळट ठरते आणि वेणीवाला कायमचा चोर.

रविवारी वेणीवाला आला. स्वच्छ सदरा घालून, वेणी घट्ट घालून. मास्तर त्याच्याकडे पाठ करून मशीनवर बसलेले, हाताची घडी, पाय नुसताच पायट्यावर. सून मुकाट्याने तबकडी पाकिटात घालायला लागली.

‘‘थांब,’’ मास्तरीणबाई म्हणाल्या. ‘‘तबकडी राहू दे. ती थाळी उचल.’’

‘‘आई?’’

‘‘थाळी. फिरते ती. उचल वर.’’

वेणीवाला घाबरून पुढे आला. ‘‘काकू, नाजूक असतं ते...’’

‘‘तू बस. तुझ्या वयाची असल्यापासून मी सुई धरते.’’ हा हिशेब जुळत नव्हता, पण वेणीवाला बसला.

थाळीखालून रबरी पट्टा निघाला. मास्तरीणबाईंनी ड्रॉवर उघडला, अर्ध्या इंचाचं काळं इलॅस्टिक काढलं, पट्ट्यावर धरलं आणि दोन बोटं जास्त सोडून कात्री लावली. माप विसरल्या नव्हत्या. मग चष्मा लावून सुई सुनेपुढे धरली. ‘‘दोरा ओव.’’

सुनेने दोरा ओवला आणि सासूकडे पाहिलं. रोज पन्नास माणसांच्या आतलं बघणारी पोर ती. सासूचा आतला सांगाडा तिला त्या एका क्षणात दिसला असावा, कारण तिच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. पण शहाणी होती, बोलली नाही.

टोकावर टोक, सात टाके, गाठ. इलॅस्टिक घातलं, थाळी बसवली, तबकडी ठेवली, सुई टेकवली.

आणि रेडा हंबरला.

गिटार पळायची थांबली आणि पाय ओढत, खांद्यावर पोतं घेतल्यासारखी चालायला लागली. ढोल असा की फरशीला कळावं. ‘‘काकू, हे चुकीच्या वेगाने चाललंय, फार हळू...’’ वेणीवाला उठला, आणि मग उठला तसाच उभा राहिला. तोंड उघडं. ‘‘बाप रे,’’ म्हणाला. ‘‘काय जड लागतंय हे.’’

मास्तर वळले नाहीत. पण पायट्यावरचा पाय हलला. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग मशीन चालू झालं, रिकामंच, कापडाशिवाय, टक्... टक्... टक्..., त्या ढोलाच्या बरोबर मापात. हात वर गेला, हँगरवरून करडा कोट खाली आला, सुटी बाही सुईखाली गेली. सून तोंडावर हात ठेवून बघत राहिली. गायक पुढे हंबरत गेला आणि दर फेरीला मधेच एक उचकी द्यायला लागला.

दुसऱ्या उचकीला मास्तर उठले.

‘‘ही ती! ही अगदी पहिल्या वर्षातली!’’ त्यांचे डोळे भरून आले होते. ‘‘तेव्हा अशीच उचकी लागायची! थांबवा, थांबवा जरा.’’ त्यांनी थाळी उचलली, आतलं इलॅस्टिक बोटावर घेतलं, जोडाकडे पाहून तोंड वाकडं केलं आणि सवयीने गळ्यातल्या दोऱ्याला अडकवलेली टाके काढायची उसवणी हातात घेतली. ‘‘हे बघा, इथे दुखणं आहे. तेव्हाही अस्संच होतं. माझ्या प्लेअरचा पट्टा कारखान्यात कुणा अडाण्याने शिवला होता. टोकावर टोक! त्याचा डोंगर होणार नाही तर काय? मी एक दिवस थाळी उघडून बघितलं, तर हसूच आलं. उसवलं, टोकं शेजारी लावली, सपाट शिवलं. त्या दिवशी उचकी गेली ती गेली.’’

सात टाके उसवून झालेसुद्धा.

‘‘काका,’’ वेणीवाला जपून म्हणाला, ‘‘तुम्ही आत इलॅस्टिक पाहिलंत, आणि तुम्हाला काही वाटलं नाही?’’

‘‘काय वाटायचं? फिरणाऱ्या वस्तूला इलॅस्टिकच घालणार ना? दुसरं काय घालतील, नाडी?’’ सपाट जोड घालता घालता मास्तर म्हणाले. मग त्यांचा हात थांबला. जमिनीवर पडलेल्या रबरी पट्ट्याकडे त्यांनी पाहिलं. मग ड्रॉवरकडे. मग बायकोकडे. ‘‘पण काय गं, तुला कसं सुचलं इलॅस्टिक घालायचं?’’

‘‘कारण तो कारखाना मी होते,’’ मास्तरीणबाई म्हणाल्या.

आणि मग सगळं सांगून टाकलं. हात लावू नकोस, थाळी, तुटलेला पट्टा, सासऱ्यांचा आवाज, चड्डीचं इलॅस्टिक, देवाने घालवलेली उचकी. तो देव गळ्यात टेप घालून समोरच बसला होता, हे त्यांना आजच कळत होतं. चव्वेचाळीस वर्षं मन खात राहिलं, आणि हा माणूस त्यांची चूक हातात धरून, शिवून, परत ठेवून जेवायला आला होता. वर हसलाही होता.

मास्तर तबकडीच्या पाकिटाकडे बघत बसले. जळती खुर्ची, चार पोरं. ‘‘म्हणजे खरं गाणं ते,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘मांजराचं?’’

सून पुढे होऊन त्यांच्या शेजारी खाली बसली.

‘‘मग मी इतकी वर्षं ऐकलं ते कुणाचं?’’

‘‘काका,’’ वेणीवाला म्हणाला, ‘‘मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून ही तबकडी ऐकतोय. मला पाठ आहे ती. पण आज जे ऐकलं ते मी कधी ऐकलेलं नाही. ते जगात दुसरीकडे कुठेही नाही. फक्त या खोलीत आहे.’’ आणि मग ओशाळून, ‘‘काकू, मला त्या इलॅस्टिकचा एक तुकडा मिळेल का?’’

मास्तरांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. आला तो थांबेना. पाठ ताठ झाली, छाती पुढे आली. ‘‘फक्त या खोलीत,’’ ते म्हणाले. ‘‘ऐकलंस का, पोरी? जगात कुठेही नाही. म्हणजे ते मूळ गाणं जरा उथळच होतं, आणि मी जोड सपाट करून त्याला जे वजन आणलं, ते...’’

मास्तरीणबाईंनी कात्री टेबलावर आपटली.

‘‘बस्स! आता माझं ऐका, आणि मधे बोलू नका. पट्टा मी तोडला. ताट वाढायच्या आत सांगायचं ते चव्वेचाळीस वर्षं उशिरा सांगितलं, हे माझ्याकडे लागलं. सूनबाई, त्या काचेच्या जगावरून मी तुला पुन्हा बोलणार नाही. बाकीच्या गोष्टींवरून बोलेन. पण तुम्ही! पोरीने सहा महिने वणवण करून तुमचं तरुणपण हुडकून आणलं, आणि तुम्ही चार दिवस पालथे पडून तिला रडवलंत. या वेणीवाल्याला भर रस्त्यात चोर केलंत. दोघांची माफी मागा, आधी तिची. मग डॉक्टरांची बाही लावा, बिचारा रोज कोटाची तब्येत विचारून जातो. आणि अडाण्याचा टाका म्हणालात ना? त्या अडाण्याच्या टाक्याआधी तुमच्या पँटी लोकांच्या बुडाखाली फाटत होत्या. तुम्हाला गाण्यातलं तेव्हाही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही; तुम्हाला कळते ती फक्त माझ्या चड्डीच्या इलॅस्टिकची चाल. तेवढी कळली म्हणून मास्तर झालात. घाला आता तो जोड नीट, आणि लावा दुसरी बाजू.’’